पाटी वाचणारा सासरा

नव्या वर्षाचा दुसरा दिवस लियूथांग गावात लेकींचा. पहिल्या दिवशी घरच्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांपुढे वाकायचं आणि दुसऱ्या दिवशी गावच्या सगळ्या लग्न झालेल्या लेकींनी नवऱ्याला, पोराबाळांना घेऊन माहेरी यायचं. एके काळी त्या सायकलच्या कॅरिअरवर बसून यायच्या, मग तीनचाकीतून, मग मोटरसायकलवरून. आता गाड्या येतात. गावातल्या गल्ल्या हातगाडीपुरत्या, म्हणून सगळ्या गाड्या खळ्यावर लागतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस ते खळं गव्हाचं, आणि नव्या वर्षात दोन-तीन दिवस गाड्यांचं.

त्या दोन-तीन दिवसांपुरता खळ्याचा मालक म्हणजे शांग बाओत्येन.

बाओत्येनने उभी बावीस वर्षं नदीच्या पुलावरच्या टोलनाक्यात काढली होती. कॅमेरे यायच्या आधीची गोष्ट. गाडी आली की याने खिडकीतून डोकं बाहेर काढायचं, नंबराची पाटी खणखणीत आवाजात वाचायची आणि आत बसलेल्याने ती वहीत उतरवून घ्यायची. दिवसाला हजार-बाराशे गाड्या. पाटीवरचं पहिलं अक्षर प्रांताचं, दुसरं शहराचं. प्रांताच्या राजधानीला ए, मग पुढच्या शहरांना बी, सी, डी. आपला प्रांत वान, आपलं शहर के. एवढं कुणीही सांगेल. पण बाओत्येनला साऱ्या देशातली झाडून सगळी शहरं पाठ होती, भजनी माणसाला अभंग पाठ असावेत तशी. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी अडला नसता. नोकरी संपली, नाक्यावर यंत्रं बसली, पण वाचायची सवय काही गेली नाही. रस्त्यावरून गाडी गेली की ओठ हलायचेच.

म्हणून नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो दंडाला लाल पट्टी बांधून खळ्याच्या तोंडाशी उभा राहायचा. गाडी वळली की पाटी मोठ्याने वाचायची, आणि वर एखादं वाक्य आपल्या पदरचं. गावकरी सूर्यफुलाच्या बिया सोलत बांधावर बसलेले असायचे. खरं तर त्यासाठीच ते यायचे.

"सू ई. सूचौ. तुआनची धाकटी आली. गाडीत रेशमी रजया असतील, दार जपून उघडा."

"युए बी. शेनचेन. तेराशे किलोमीटर. जावईबापू झोपेतच चालवत आलेत, आधी खाट टाका."

"वान ए. राजधानीचे साहेब. सरका, सरका."

लोक हसायचे, जावईही हसायचे. एखाद्याची पाटी वाचायची राहिली तर तो बिचारा खट्टू व्हायचा. कुणाच्या मनाला लागेल असं बाओत्येन कधी बोलला नव्हता. माणूस मनाचा चांगला होता, हे गावात कुणीही सांगितलं असतं.

त्याच्या स्वतःच्या लेकीची मात्र पाटी नव्हती. एकुलती एक सुमेई. शेजारच्या तालुक्यातल्या पान योंगनिंगला दिलेली. दोघं शांघायच्या बाहेरच्या अंगाला, गाड्यांच्या दारांचं रबर बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. दर वर्षी रेल्वेने यायची, मग बसने, मग फाट्यापासून चालत. दोन्ही हातांत दुधाचे खोके, अक्रोडाचे डबे, दारूच्या बाटल्या. पोचेपर्यंत दुपार कलायची. शेजारचा तुआन शिगुई दर वर्षी बांधावरून विचारायचा, "शांगदादा, तुझी लेक आली त्या बसची पाटी वाच की एकदा." बाओत्येन सगळ्यांबरोबर हसायचा. हसताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मग एका वर्षी, बाराव्या महिन्यात, सुमेईचा फोन आला. म्हणाली, या खेपेला आम्ही आमच्या गाडीने येतोय.

बाओत्येनचा पहिला प्रश्न होता, पाटी कुठली?

हू, असं ती म्हणाली. शांघायचीच. पुढे ती गाडीबद्दल, योंगनिंगबद्दल बरंच काही बोलत होती, पण हू हे अक्षर कानांत शिरल्यावर बाओत्येनला दुसरं काही ऐकूच आलं नाही. शांघायची पाटी काय असते ते गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिथे पाटीचा दर महिन्याला लिलाव होतो. वीस जणांनी बोली लावली तर एकाला लागते. पत्र्याचा तो तुकडा कधी कधी खाली लावलेल्या गाडीपेक्षा महाग पडतो. हे सगळं त्याने आधी न्हाव्याला सांगितलं, मग टोफूवाल्याला, मग भूमिदेवाच्या देवळीपाशी अगरबत्त्या विकणाऱ्या बाईला. बायको छ्याओयुन म्हणाली, अहो, लेक येतेय, गाडीचं काय एवढं. पण पंधरा दिवस गावात दुसरा विषय त्याने निघू दिला नाही. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन त्याने खळ्याच्या मधोमध एक रिकामं पिंप ठेवून दिलं. तिथे दुसऱ्या कुणी गाडी लावायची नाही.

अकराच्या सुमारास एक पांढरी लहानशी गाडी वळली. चाकांना सहाशे किलोमीटरचा चिखल. काचेतून सुमेई हात हलवत होती. बांधावर बिया सोलायचं थांबलं.

"हू," बाओत्येनने पुलावरच्या आवाजात पुकारलं.

आणि मग त्याला पुढचं अक्षर दिसलं.

तिथेच तो थांबला असता तर. एका श्वासाचाच प्रश्न होता. पुढे होऊन दार उघडलं असतं, लेकीचा हात धरला असता, तर कुणी काही विचारलं नसतं. पण देवाने माणसाला जीभ दिली तेव्हा तिला लगाम बांधायचं काम माणसावरच सोपवलं, आणि बाओत्येनला बावीस वर्षं पगार मिळाला होता तो जीभ मोकळी सोडायचा.

"पुढे?" तुआनने विचारलं.

"सी."

"सी म्हणजे काय? सगळ्यांचं सांगतोस, घरच्यांचंही सांग."

त्या घटकेला बाओत्येनच्या मनात काय झालं हे त्याने पुढे कितीदा तरी उलगडून पाहिलं. आपण पंधरा दिवस दवंडी पिटली आणि आपल्याच माणसांनी आपल्याला फसवलं, असं वाटलं. तुआनचा शेनचेनचा थोरला जावई तिथे उभा होता, त्याला सी माहीत असणार, तो हसून सांगेल, असंही वाटलं. दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगावं. जाणकार म्हणून निदान तेवढं तरी राखावं.

"सी म्हणजे शहराबाहेरची पाटी," तो म्हणाला. "शांघायच्या रिंगरोडच्या आत हिला मज्जाव. चाक आत घातलं की पोलीस हात करतो. आमचे जावईबापू शांघायच्या दारात उभे आहेत, फक्त आत या म्हणून कुणी म्हणत नाही."

खळं हसलं. जोरात हसलं. त्या दिवसातलं सगळ्यांत चांगलं वाक्य होतं ते.

योंगनिंगचा एक पाय गाडीबाहेर होता, एक आत. तोही हसला. वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, सासऱ्याच्या गावात, जावयाने आणखी काय करायचं असतं? तो उतरला, सिगारेटचं पाकीट फोडलं, दोन्ही हातांनी पहिली सिगारेट सासऱ्याला दिली, दुसरी तुआनला, मग बांधावरच्या एकेकाला. सुमेई दुसऱ्या बाजूने उतरली होती. तिने वडिलांकडे एकदा पाहिलं आणि मागचं दार उघडून खोके काढू लागली. मागच्या सीटवर एक जाड उशी होती, रजई होती, गरम पाण्याची बाटली होती. बाओत्येनला ते सगळं दिसलं. पण पाट्या वाचणाऱ्याला उशी वाचता येत नव्हती.

जेवायला बकऱ्याचा रस्सा होता, उशीएवढा भाजलेला पाव होता, रताळ्याच्या शेवया होत्या. योंगनिंगने उभं राहून सासऱ्याचा पेला तीनदा भरला. स्वतः घेतली नाही, गाडी चालवायची आहे म्हणाला. राहायला आलेली माणसं चार वाजता निघाली. छ्याओयुन खारवलेल्या अंड्यांची टोपली घेऊन गाडीमागे धावली. बाओत्येन तेव्हा खळ्यावर दुसऱ्यांच्या गाड्या वळवून देत होता. त्याला सकाळच्या बोलण्याचं थोडं टोचत होतं, म्हणून त्याने काच ठोठावली आणि जावयाच्या खांद्यावर थाप मारून प्रेमाने म्हणाला, "पुढच्या वर्षी शहराची घेऊन या."

"हो बाबा," योंगनिंग म्हणाला.

पुढच्या वर्षी सुट्टीत कारखान्यात काम निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना झालेली मुलगी अगदी लहान होती आणि वाट लांब. सुमेई पार्सलं पाठवायची, बापाला लोकरी बनियन, आईला गुडघ्यांचे पट्टे. फोनवर नात दाखवायची. फोनमध्ये योंगनिंग मागून डोकावून म्हणायचा, बाबा, नवीन वर्ष सुखाचं जावो. दोन्ही वर्षं बाओत्येन खळ्यावर उभा राहिला, पाट्या वाचल्या, लोक हसले. तुआनने मात्र बसचं विचारणं सोडून दिलं. ते न विचारणं त्या विचारण्यापेक्षा जड होतं.

छ्याओयुन मुळातच कमी बोलणारी. देवळीत दिवा लावायचा, बायकांबरोबर चार ओळी गायच्या, घरी यायचं. दुसऱ्या महिन्यात देवळीची जत्रा भरली आणि दर वर्षीसारखा कथा गाणारा आला. दोन तारांचं वाद्य मांडीवर, पायाला बांधलेला लाकडी टाळ, आणि कथा मध्येच बोलून, मध्येच गाऊन सांगायची. त्या दिवशी त्याने एका दुकानदाराची कथा लावली. त्याचा तराजू इतका खरा की केसाचंही वजन सांगायचा. एकदा त्याचा जिवाभावाचा मित्र डोंगर ओलांडून भेटीला आला, येताना मूठभर चहा घेऊन आला. दुकानदाराने सवयीने तो चहा दारातच तराजूत टाकला आणि वजन सांगितलं. वजन अगदी बरोबर होतं. मित्र दारातूनच परत फिरला. गवयाने शेवटची ओळ चार-चार वेळा घोळवून म्हटली. बायका बाही डोळ्यांना लावत होत्या. बाओत्येनला कथा फार आवडली. गळा काय लागलाय, असं तो वाटेने तीनदा म्हणाला.

घरी आल्यावर छ्याओयुनने चुलीत काटक्या सारल्या आणि त्याच्याकडे न पाहता बोलायला लागली.

गाडी घेतली त्याच्या आदल्या वर्षी सुमेई आली होती, तेव्हा तिला तिसरा महिना होता. कुणाला सांगितलं नव्हतं, घरी आल्यावर सांगू म्हणून. रेल्वेत जागा मिळाली नव्हती. दोन डब्यांच्या मधल्या जागेत नऊ तास उभी राहून आली, आणि तीन दिवसांनी तशीच परत गेली. ते मूल राहिलं नाही. तेव्हा योंगनिंग म्हणाला होता, आता परत तुला रेल्वेने माहेरी नेणार नाही. शहराची पाटी लिलावात लागायला किती वर्षं जातील याचा नेम नव्हता. सी पाटी त्या भागात राहणाऱ्यांना लगेच मिळत होती. त्यांची खोली बाहेर, कारखाना बाहेर.

"त्यांना आत जायचंच नव्हतं हो," छ्याओयुन म्हणाली. "त्यांना इकडे यायचं होतं."

बाओत्येनने एक काटकी उचलून तिच्यापुढे सरकवली.

"ती पाटी शहरात चालत नाही, एवढं तुम्हाला ठाऊक होतं. बाकीच्या सगळ्या देशात चालते, हे नव्हतं ठाऊक?"

"होतं," तो म्हणाला.

काटक्या तडतडल्या. मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. तेव्हापासून योंगनिंग दर महिन्याला लिलावात बसतो. महिन्यातला एक शनिवार, कंप्युटरपुढे. दर महिन्याला हुकतं. शहराची पाटी लागल्याशिवाय त्या खळ्यावर गाडी घालणार नाही, असं तो कुणाला बोललेला नाही, सुमेईलाही नाही. पण ती बायको आहे त्याची. तिला कळतं.

"तुम्हीच म्हणालात ना, शहराची घेऊन या."

ती रात्र कशी गेली ते बाओत्येनलाच माहीत. आपण खोटं बोललो असतो तर बरं, असं त्याला वाटत होतं. खोटं मागे घेता येतं, चुकलो म्हणता येतं. हे तर शब्दनशब्द खरं होतं. खरं बोलून आपण लेकीचं माहेर बंद केलं. आणि मोजायला गेलं तर वर्षं तरी किती उरलीत? छ्याओयुनचे गुडघे पाहिले तर पुढच्या चार-पाच वर्षांत कोण कुणाकडे जाऊ शकणार आहे?

सकाळी त्याने फोन लावला. सुमेईला नाही, जावयाला. सासऱ्याने जावयाला आपणहून फोन करायची त्यांच्यात पद्धत नाही. योंगनिंगने घाबरूनच उचलला. आई बऱ्या आहेत ना, हे पहिलं वाक्य.

बऱ्या आहेत, बाओत्येन म्हणाला. अर्धी रात्र ठरवलेलं सगळं पळून गेलं आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"गाडी बरी चालतेय ना?"



"चालते, बाबा."

"तो लिलाव... तुम्ही त्यात पडू नका. माझ्यासाठी पडू नका."

"तुमच्यासाठी नाही, बाबा," योंगनिंग अगदी अदबीने म्हणाला. "मुलीला पुढे आतल्या शाळेत न्यायला लागेल."

हे खरं होतं की जावयाची रीत होती, ते बाओत्येनला कळेना. देशातल्या कुठल्याही गाडीचा ठावठिकाणा सांगणाऱ्या माणसाला आपल्या जावयाच्या आवाजाचा ठिकाणा लागत नव्हता.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "त्या दिवशी. चारचौघांत."

"असं नका बोलू, बाबा. मी विसरूनही गेलो."

विसरलेला माणूस इतक्या लवकर उत्तर देत नाही. बाओत्येनने फोन दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या दिवसाचंच असं काही नाही, कधीही या, कुठल्याही दिवशी, असं तो म्हणाला. बघतो, असं पलीकडून आलं.

आणि ते आले. नव्या वर्षात नव्हे, पाचव्या महिन्यात, गहू कापून झाल्यावर. कारखान्याची एक मोठी ऑर्डर रद्द झाली आणि दोन दिवसांची रजा निघाली. आठवड्यातला कुठलासा वार, कसला सण नाही. अशा दिवशी गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या, एवढंच असतं. गहू घरात जाऊन पडला होता, खळं मोकळं होतं. बाओत्येन उजाडताच झाडू घेऊन खळ्यावर गेला. कोपऱ्यात राहिलेला भुसा काढला, खड्ड्यात दोन घमेली माती टाकून चोपली, पाणी मारलं. तुआनने बांधावरून विचारलं, आता कसली मळणी? काही नाही, धूळ फार उडते, असं तो म्हणाला. कोण येणार आहे ते त्याने सांगितलं नाही. या वेळी त्याला बांधावर कुणी नको होतं. सबंध खळं जावयाचं, हवी तिथे लावा, हवी तशी लावा.

दुपारी डोक्यावर ऊन आलं तेव्हा पुलाकडच्या रस्त्यावर माणसं दिसली. चालत येत होती. योंगनिंगच्या खांद्यावर मुलगी, सुमेईच्या दोन्ही हातांत खोके. बाओत्येन झाडू टाकून पुढे धावला. सुमेईच्या हातातला एक खोका घेतला. मुलीने बापाच्या केसांना घट्ट धरलं आणि या अनोळखी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"आजोबा आहेत," योंगनिंग तिला म्हणाला. "नमस्कार कर."

"गाडी?" बाओत्येनने विचारलं.

"पुलापलीकडे लावली, बाबा. गावात वळवायला अडचण होते."

समोर सबंध खळं पडलं होतं, झाडलेलं, पाणी मारलेलं, उन्हात चकचकणारं. पन्नास गाड्या वळल्या असत्या. योंगनिंगनेही ते पाहिलं. सुमेई खाली मान घालून घराच्या वाटेला लागली.

छ्याओयुनने नातीला छातीशी धरलं ते सोडेचना. अंगणात हसणं सुरू झालं, पाण्याची भांडी निघाली. योंगनिंग सासूच्या गुडघ्यांना नवं मलम चोळायला बसला. सगळं होतं तसं गोड होतं, कुणाच्या बोलण्यात कुसळाएवढंही टोचणारं काही नव्हतं. बाओत्येन थोडा वेळ दारात उभा राहिला. मग परसातली जुनी बांबूची चटई गुंडाळून खाकेत मारली आणि कुणाला न सांगता पुलाकडे निघाला.

गाडी एका वाळलेल्या पॉप्लरच्या झाडाखाली उभी होती, सावली नसल्यासारखीच. काच चटका देत होती. त्याने चटई पुढच्या काचेवर पसरली, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दोन दगड ठेवले. परत जाताना पोरीला सीट भाजायला नको. मग त्याच्या ध्यानात आलं की गाडीचं तोंड गावाकडे नाही. आल्या आल्याच वळवून ठेवलेली होती, परतीच्या वाटेला.

तो पुलाच्या कठड्याला टेकून बसला. बऱ्याच वेळाने सुमेई त्याला शोधत आली.

"बाबा, ताटं वाढली आहेत. ते थांबलेत तुमच्यासाठी."

"त्यांना म्हणावं बसा. मी आलोच."

"तुमच्याशिवाय बसणार नाहीत ते," सुमेई म्हणाली. "माहीत आहे ना तुम्हाला."

बाओत्येन उठला. चटईचा एक कोपरा घसरला होता, तो नीट केला, आणि लेकीच्या मागून पूल ओलांडून चालू लागला.